गाडीवरची फांदी

क्षमा,

"आई, विम्याचा सर्व्हेअर बघून जाईपर्यंत गाडीवर पडलेल्या फांदीला कुणाला हात लावू देऊ नका, नाहीतर क्लेम अडेल. आजच्या दिवस तरी ते मौन बाजूला ठेवा," असं म्हणून तू बससाठी धावलीस. माझी पूजा व्हायची होती आणि तोवर न बोलण्याचा नेम, म्हणून नुसती मान हलवली. तुला राग आला असणार.

तू गेलीस आणि लगेच झाडं तोडणारी माणसं करवत घेऊन आली. मी गाडीपुढे हात जोडून उभी राहिले. थांबा, एवढंच सांगायचं होतं. त्यांना वाटलं, मी झाडाची प्रार्थना करतेय. चपला काढून तीही हात जोडून उभी! एकजण दुसऱ्याला आपल्या कानडीमिश्रित मराठीत दटावत होता, "स्वल्प थांब रे, अम्मांचं होऊ दे." मला हसू आवरेना, पण हात खाली केले नाहीत.

सर्व्हेअर आला तेव्हा फांदी टपावर होती तशीच होती. त्याने फोटो काढले. तुझा फुल इन्शुरन्स आहे, झाड पडल्याचं नुकसान त्यात बसतं, काळजी नको, म्हणाला.

आमटी झाली आहे, भात तेवढा लाव. टोइंगवाला हॉर्न वाजवतोय. गाडीबरोबर घरचं कुणीतरी गॅरेजपर्यंत जावं, असं तू काल म्हणालीस, तर मीच त्याच्या शेजारी बसून जाते. या गडबडीत पूजा अजून राहिली आहे. देवाला सांगून निघाले आहे, गॅरेजवाल्याशी आज मी बोलेन.

– आई