बाबा डोळे मिटून पाणी द्यायचे, त्याची खरी गोष्ट

ती. मधुकरभाऊले,

सुलोचनाचा वाकून नमस्कार. उज्वला वहिनीले पण नमस्कार. त्यांच्या गुडघ्याचं कसं आहे ते कळवजो, अन् तेल लावत असतील तं गरम करून लावा म्हणा, थंड तेलानं काही होत नाई. (मी मागच्या वेळी पण सांगितलं होतं. कोणी ऐकत नाई.) इकडे अंकितचे बाबा बरे आहेत, म्हैस व्याली, मी बरी आहे. आई पण बरी आहे. ब्याऐंशी वर्षांची असून ती सध्या सकाळी सातपासून बाबांच्या भट्टीजवळ बाज टाकून बसते, अन् काऊन बसते हे सांगायसाठीच हे पत्र लिहून राह्यली. फोनवर सांगितलं असतं, पण पिपरी मेघ्याहून तू 'बरं, बरं' म्हटलं अन् फोन वहिनीले दिला, हे नेहमीचंच. कागदावर तुले मधात बोलता येत नाई.

पहिले तुझ्या पुस्तकाचं. समाजाच्या मेळाव्यात वाटाले तू बाबांवर चार पानं लिहिली, ती अंकितनं मोबाइलवर वाचून दाखवली. चांगली लिहिली. तापलेली पात पाण्यात बुडवून धार कडक करायची त्याले पाणी देणं म्हणतात, अन् आमचे वडील चिंधूजी डोळे मिटून पाणी देत, ही त्यांची साधना होती, असं तू लिहिलं. आसपासच्या दहा गावात असंच म्हणतात, त्यात तुझी चूक नाई. (गुलाबराव तं बाबांच्या हातच्या कुऱ्हाडीले अजून दसऱ्याले हळदकुंकू वाहते.) मग शेवटी आईवर एक ओळ आहे, 'त्यांना पत्नी तानाबाई यांची मोलाची साथ लाभली.' मोलाची म्हणजे केवढी, ते तुले माहीत नाई. पंधरा दिवसांपूर्वीपर्यंत मले पण नव्हतं.

अंकित रेल्वेच्या नोकरीच्या लेखी परीक्षेत पास झाला हे तुले माहीत आहे. मग तपासणीले गेला. तिथं त्याले ठिपक्यांची वही दाखवली. पानापानावर रंगीत ठिपके, अन् ठिपक्यात आकडा लपलेला असते म्हणे. याले पहिलं पान सोडून एक आकडा दिसला नाई. लाल अन् हिरवा वेगळा दिसत नाई तं सिग्नल कसा पाहशील, म्हणून घरी पाठवला. तू फोनवर म्हणाला, अभ्यास कमी पडला. भाऊ, ठिपक्यांचा अभ्यास नसते. मी घरी सुपात लाल अन् हिरव्या मिरच्या टाकल्या अन् म्हटलं, वेगळ्या कर. त्यानं मन लावून दोन ढीग केले. एका ढिगात लांब, एका ढिगात आखूड, लाल-हिरव्या दोन्हीकडे सारख्याच. तेव्हा मले आठवलं, सहावीत असताना यानं बाजारातून सगळे हिरवे टमाटे आणले होते अन् मी याले दोन चापटा दिल्या होत्या. बसली मग तशीच सुपाजवळ.

आई लसूण सोलत होती. मान वर न करता म्हणे, "त्याच्या आजोबाले पण नव्हतं दिसत."

मी म्हटलं, "काय नव्हतं दिसत?"

"लाल. त्यायले काळं दिसे."

"लोहाराले?"

"मंग काय सोनाराले?"

भाऊ, मले कोणाची गोष्ट शेवटपर्यंत ऐकाची सवय नाई. त्या दिवशी ऐकली. लग्न होऊन आई आली तेव्हा पंधरा दिवसात दोनदा बाबांनी धगधगता तुकडा थंड समजून उचलला. तिले वाटलं, नवरा धाडसी आहे. तिसऱ्यांदा समजलं. पण ती बोलली नाई, बाबाही बोलले नाई. भाता तिच्याच हातात असे. लोखंड पाहिजे तेवढं लाल झालं का ती भाता थांबवे. बस, एवढंच. आवाज थांबला का बाबांनी काढायचं. पुढचं आणखी नाजूक. पाण्यातून काढलेल्या पातीवर रंग सरकत जाते, पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, अन् नेमक्या रंगावर ती पुन्हा बुडवली नाई तं विळा एक तं वाकते, नाई तं मोडते. तो नेमका रंग कोणता हे आईनं आपल्याच मनानं दहा-बारा विळे मोडून ठरवलं, अन् तो आला का ती खोकले. म्हणून बाबा डोळे मिटत. उघड्या डोळ्यानं कान बरोबर चालत नाई, असं वाटत असन त्यायले. लोक समजले साधना. अन् आईच्या खोकल्यासाठी बाया अडुळशाचा काढा आणून देत, तो ती निमूट पिऊन घे.

एकेचाळीस वर्षं, भाऊ. अन् दोघांनी एकमेकांजवळ त्यावर एक शब्द काढला नाई. मी तं भाजीत मीठ कमी पडलं तं गल्लीले सांगते.

तू लिहिलं, मेहनतीनं बाबांची कंबर धरायची. कधी धरायची ते आठव. आई माहेरी गेली का. तुझ्या वेळी ती बाळंतपणाले पुलगावकडे गेली तं बाबांनी भट्टी विझवली अन् बाजेवर पडले. पेरणी तोंडावर, वखराच्या पासा, त्या लोखंडी पाती, धारेसाठी घेऊन बारा शेतकरी अंगणात बसलेले, अन् लोहार कण्हून राह्यला. आई बाराव्या दिवशी तुले टोपल्यात घालून परत आली अन् भाता धरला. कंबर त्याच दुपारी सुटली. (तुझं बारसं घणाच्या आवाजात झालं. म्हणूनच तुले कोणाचं ऐकू येत नाई का काय, मले माहीत नाई.)

आता आजचं. अंकित आठ दिवस भिंतीकडे तोंड करून झोपला. नवव्या दिवशी म्हणे, आजोबाची भट्टी पेटवतो, मले आता दुसरं काही करायचं नाई. कारंज्याच्या हायवेवरून ट्रकच्या कमानीचे मोडके पाटे घेऊन आला. पहिला पाटा एवढा तापवला का फुलझडीसारखा उडाला. दुसरा थंड झाला समजून माझ्या नव्या प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवला. तो खुर्चीतून खाली गेला, तिथं याच्या बाबांची चप्पल होती, तिच्यातूनही गेला. हे म्हणाले, पोरगं आजोबावर गेलं. मी म्हटलं, आजोबाजवळ आजी होती. बोलली अन् मलेच धडकी भरली. पोरगा नोकरीतून गेला तं गेला, आता बापजाद्याच्या धंद्यातूनही जाते का काय.

दुसऱ्या दिवशी आईनं बाज उचलाले लावली. आता भाता नाई, हातानं फिरवाचा पंखा आहे. तिनं मूठ धरली. (मोतीबिंदू मागच्या वर्षीच काढला म्हणून बरं.) फिरवता फिरवता एकदम थांबली. त्याले काही सांगितलं नाई. तो तिच्याकडे पाहून राह्यला, ती निखाऱ्याकडे. मग त्यानं सांडशीनं तुकडा काढला अन् ठोकाले लागला. पाण्यातून काढल्यावर नेमका रंग आला तशी ती खोकलली, अन् त्यानं पुन्हा बुडवला. त्या दिवशी सहा विळे झाले. एक गुलाबरावच्या सुनेनं नेला, दिवसभर तूर कापली अन् संध्याकाळी त्याच धारेनं भाजी चिरली. मी चूल सोडून भट्टीजवळ उभी होती. देवळात पण मी एवढा वेळ उभी राहत नाई.

पण ब्याऐंशी वर्षं आहेत, भाऊ. तासाभरानं तिचा हात थरथरते. पंखा थांबला तं रंग आला म्हणून थांबला का हात दुखला म्हणून, हे पोराले समजत नाई. अन् आता तिले खराखुरा खोकला पण येते. तिच्या जागी मी बसून पाह्यलं. मले दम निघत नाई, रंग यायच्या आधीच मी काढ काढ करते. तीन विळे कच्चे गेले. आई म्हणे, तू उठ.

तं पुस्तक शुक्रवारी छापाले जाणार आहे असं अंकित म्हणते, त्याच्या आधी ते डोळ्याचं अन् साधनेचं काढ, मोलाची साथ पण काढ, अन् खरं काय ते लिही. चार पानांपैकी दोन आईची. हे मी विचारून नाई राह्यली, सांगून राह्यली.

लहान्या खुशीले पापा, बाकी सगळ्यांले ज्याचं त्याले.

तुझी बहीण,
सुलोचना

ता. क. मेळाव्यात लग्नाच्या पोरींची ओळख करून देतात ना, तिथं अंकितसाठी मुलगी पाह्यजो. खरं तं याच्यासाठीच कागद घेतला होता, मग बाकीचं लिहिणं झालं. शिक्षण कमी असलं तं चालन, उंचीचं काही नाई. मिरच्या वेगळ्या करता आल्या पाहिजे अन् पोरगी घाईची नसावी. माझ्यासारखी तं आणूच नको.

आणखी एक. पाकीट बंद करायच्या आधी पत्र आईले वाचून दाखवलं. तिले राग आला. म्हणे, पुस्तकातलं अक्षर हलवायचं नाई. "त्यायनं जन्मभर झाकलं, मी झाकू दिलं, अन् ते नसताना आता मधुकर छापते का?" तं तुझी चार पानं तशीच जाऊ दे, साधना पण राहू दे, अन् हे पत्र फाडून टाक. मुलीच्या घरी मात्र पहिल्याच भेटीत सगळं खरं सांगजो, हे तिनं दोनदा बजावलं. तिच्या लग्नाच्या वेळी तिले कोणी सांगितलं नव्हतं.