एकाच डब्यातल्या दोन डिस्क

८ मे
बाजाराचा दिवस. मंगरूळच्या या दुकानात अठरा वर्षं झाली, पण आजच्यासारखं गिऱ्हाईक आलं नव्हतं. आसेगावच्या विमलबाई भाजीची टोपली दाराशी ठेवून आत आल्या. फेब्रुवारीत त्यांचा मुलगा सागर विहिरीतली मोटर काढायला उतरला, तो गेला. फोन खिशातच होता, तोही गेला. घरात फोटो एकच, आधार कार्डावरचा.
"तीन वर्साआधी पुतनीच्या लग्नात तुमीच व्हते नं जी फोटोवाले? अल्बमात तो कोठीच नाही. तुमच्यापाशी असन."
म्हटलं, "हाय. माह्यापाशी सगळं असते. पुढच्या बाजारी या."
लाइन नव्हती म्हणून लगेच पाहिलं नाही. पण अभिमानानेच बोललो.

११ मे
दुपारी साडेतीनला वीज पडली. मागच्या गल्लीत असेल. दुकानात जळका वास. डिस्कचा डबा बंद. पुन्हा पुन्हा बटण दाबलं.
दिवाळीत घेतला होता हा डबा. आत दोन डिस्क, एक गेली तर दुसरीत सगळं तसंच, असं वाचून. अठरा वर्षांची लग्नं, बारशी, शाळेचे ग्रुप, सगळं त्यात टाकलं. जुन्या डिस्क पुसून नव्या कामाला घेतल्या.
बायकोला, रेखाला, अजून सांगितलं नाही. वासावरून कळलंच असेल.

१२ मे
पुण्याला आश्विनीला फोन.
"बाबा, दोन डिस्क एकाच डब्यात, एकाच वायरीवर. एकीवर आलं ते दुसरीवर येणारच. तुम्ही चुकून फोटो पुसला असता तरी दोन्हींतून पुसला असता. याला बॅकअप नाही म्हणत."
"मंग काय म्हणतात?"
ती म्हणाली, "उघडू नका तो डबा. हात लावू नका. नागपूरला न्या."
पोरीला शिकवलं मी, आणि आता...

१५ मे
विमलबाई आल्या. कोथिंबिरीची जुडी टेबलावर ठेवली. मी म्हटलं, "लाइन नव्हती हो आठवडाभर. पुढच्या बाजारी पक्कं."
"बरं," म्हणाल्या, गेल्या.
रेखा आतून ऐकत होती. भाजीत कोथिंबीर घातली नाही तिने आज.

१७ मे
पहाटेच्या गाडीने नागपूर. डबा टॉवेलात गुंडाळून मांडीवर. दुरुस्तीवाल्याने भिंग लावून पाहिलं. एकीचं सर्किट जळालं, दुसरीच्या आत ओरखडे. म्हणाला, प्रयत्न करतो, शब्द देत नाही.
परत येताना मांडी मोकळी. सारखा हात तिथे जात होता.

१९ मे
आता पुढचं काय करायचं, ते लिहून काढतो.
सगळंच इंटरनेटवर चढवायचं तर आपल्या नेटला कित्येक महिने लागतील. तोवर दिवाळी येईल. निवडक तेवढे चढवायचे.
बाकी आश्विनी म्हणते तसं. दोन साध्या डिस्क, वेगवेगळ्या. काम झालं की वायर काढून कपाटात. आणि तिसरी प्रत घराबाहेर, शक्यतो दुसऱ्या गावात. आग लागली, चोरी झाली तरी ती राहील. महिन्यातून एकदा उघडून पाहायचं, नुसतं ठेवून भागत नाही.
रेखा म्हणाली, "दुसऱ्या गावात कोनाकडे ठेवता? लोकायचे फोटो हायेत. बायामानसायचे, पोरीबाळीयचे."
खरं आहे. आश्विनीने कुलूप लावायचं शिकवलं, पासवर्डाशिवाय डिस्क उघडत नाही. पासवर्ड वहीत लिहून रेखाच्या पेटीत. तो मी विसरलो तर पुन्हा तेच.
पण ठेवायची कोणाकडे, हे ठरलं नाही.

२१ मे
उद्या बाजार. पुन्हा खोटं बोलवलं नसतं. सकाळी आसेगावला गेलो. विमलबाई मळ्यात मेथीच्या जुड्या बांधत होत्या. उभ्यानेच सांगितलं सगळं. वीज, डबा, नागपूर. "लाइन नव्हती" ते खोटं, हेही.
त्या बांधतच राहिल्या. हातातली जुडी खाली ठेवून म्हणाल्या, "पह्यलेच काहून नाही सांगतलं?"
"भेव वाटलं."
"मलेही वाटते. त्याच्या हासन्याचा आवाज आठवते मले. दात नाही आठवत." मग म्हणाल्या, "बसा. उन्हाचे आले."
पाणी दिलं.

२ जून
नागपूरहून फोन. सर्किट जळालेल्या डिस्कमधून काहीच नाही, ओरखडे होते त्या डिस्कमधलं निम्म्याच्या आसपास निघालं. पण फोल्डर नाहीत, नावं नाहीत, तारखा नाहीत. नुसते नंबर, तेही कसेही लागलेले. कोणतं लग्न कोणाचं, ते पाहूनच कळणार. आणि विमलबाईंच्या पुतणीचं लग्न या निम्म्यात आहे की गेलेल्या निम्म्यात, ते तोही सांगू शकत नाही.

५ जून
परवा फोटो आणले. पहिलं काम प्रती. एक, दोन, तीन. त्याशिवाय एकही उघडला नाही.
बाजार आटोपून विमलबाई आल्या. टोपली रिकामी. "मी पाह्यतो संगं. तुमाले त्याची वळख नाही."
रेखाने खुर्ची आणून दिली. तीन तास पाहिलं. दुसऱ्यांचीच माणसं. एका म्हातारीला ओळखून म्हणाल्या, "ही गेली. हिच्या सुनेले सांगा, फोटो हाय म्हनून."

१२ जून
आजही नाही. जाताना मीच विचारलं, तिसरी डिस्क तुमच्याकडे ठेवाल का. त्यांनी हात पदराला पुसून घेतली.
"याच्यात तो हाय का?"
"माहीत नाही."
"ठेवतो. गव्हाच्या कोठीवर, सुकं राह्यते तिथं." मग, "लोकायचे तं हायेत नं."
बस सुटेपर्यंत मी स्टँडवर उभा होतो.

१९ जून
पेरणी सुरू झाली की येणं होणार नाही म्हणाल्या. म्हणून आज लवकर आल्या.
अकराच्या सुमारास जेवणाच्या पंगतीचा एक फोटो. त्यांनी माझा हात धरला. कडेला निळ्या शर्टातला एक पोरगा, हातात वरणाची बादली, वाकलेला. पाठ फक्त.
"हा. शर्ट मीच घेतला व्हता."
मोठा करून पाहिला. कान दिसतो, गालाची एक कड. चेहरा पंगतीकडे.
पुढचा उघडला. कोणाचं तरी बारसं. त्याच्या पुढचा, शाळेचं झेंडावंदन. हे लग्न पुन्हा कुठे येईल, येईल की नाही...
निळ्या शर्टाचा छापून देऊ का, विचारलं. मान हलवली, नाही म्हणून. खुर्ची जवळ ओढली.
"पुढचे पाहा," म्हणाल्या. "वरन वाढून झाल्यावर वळलाच असन तो."