बदलीवाल्याची नात

मुलुंड (पूर्व),
१२ जानेवारी २०२५

ती. सुगंधाआत्या हिस,
प्रांजलचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझे तिळाचे लाडू पोचले. चार फुटले होते. हर्षदने ते फुटलेले म्हणून आधी संपवले आणि अख्खे होते ते अख्खे म्हणून नंतर. मला दोन मिळाले.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि मला हे ओरडून सांगता येणार नाही, म्हणून लिहिते. बाळंतपणाला मला तुझ्याकडे येता येणार नाही.

तुला माहीत आहे, मी अंधेरीच्या विमा कंपनीत सहा वर्षं बसते, पण मला नेमलंय साकीनाक्याच्या एका मधल्या कंपनीने. आमच्या ओळखपत्राची पट्टी निळी, विमा कंपनीच्या स्वतःच्या माणसांची लाल. निळ्यांना बाळंतपणाची रजा नसते, हे ऑफिसात सगळ्यांना ठाऊक आहे. शीतल नावाची निळ्या पट्टीची मुलगी दोन वर्षांपूर्वी बाळंतपणाला गेली. आठवड्यात तिच्या खुर्चीवर दुसरी बसली आणि शीतल पुन्हा कधी दिसली नाही. माझा करार ३१ मार्चला संपतो. तो नवा होईपर्यंत ऑफिसात कुणाला काही कळू द्यायचं नाही असं मी ठरवलंय. तारीख पंधरा मेची आहे. तोवर काम करायचं, मग दहाबारा दिवस आजारी आहे म्हणायचं. शेजारची श्वेता परवा म्हणाली, काय गं, वडापाव जरा जास्तच होतायत का. मी हो म्हटलं. खोटं बोलले, आत्या. दिवसभर जेवण गोड लागलं नाही.

वाकोल्याहून सासूबाई दर रविवारी विचारतात की आत्या न्यायला कधी येणार. पहिलं बाळंतपण माहेरी हे त्यांचं अगदी पक्कं आहे. आई गेल्यावर माहेर म्हणजे तू. शाळेत गेले की मला उलट्या व्हायच्या, म्हणून तिसरीपर्यंत घाटकोपरच्या त्या खोलीत तूच माझी शाळा होतीस. आताही भीती वाटली की वाटतं, तू समोर बसावंस आणि शुद्धलेखन घालावंस.

रागावू नकोस. आहे तेवढा लोभ राहू दे, कमी करू नकोस.

तुझी,
प्रांजल

*

कुडाळ,
२१ जानेवारी

चि. सौ. प्रांजल हिस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

पत्र आलं. वाचून डब्यात ठेवलं, मग पुन्हा काढून वाचलं.

तू म्हणतेस तसंच कर गो, दुसरं काय सांगू? आपल्या घराला हे नवीन नाही. तुझे आजोबा सीताराम अकरा वर्षं गिरणीत बदली होते. कायमचा कामगार आला नाही तर त्याच्या जागी उभं राहायचं. रोज सकाळी गेटवर हजर, एक दिवस नागा झाला की नाव मागे. मी जन्मले तेव्हा ते गावाला आले नाहीत. मी चार महिन्यांची झाल्यावर त्यांनी मला पाहिलं आणि आईला विचारलं म्हणे, ही इतकी मोठी कशी? बदलीवाल्याने नागा करायचा नाही, हे ऐकतच आम्ही वाढलो.

मागची खोली रंगवून घेतली होती. पंखा बसवला. जुन्या सुती लुगड्यांची बारा दुपटी शिवून झाली, ती टपालाने पाठवते. पंखा काही टपालाने येणार नाही.

वेळेवर खा. रिक्षावाल्याला हळू चालव म्हणून सांगायला लाजू नकोस.

तुझ्या वाटेकडे डोळे लावलेली,
सुगंधाआत्या

*

मुलुंड,
५ फेब्रुवारी

ती. आत्यांस,
हर्षदचा सा. नमस्कार.

हे पत्र प्रांजलला न सांगता लिहितोय. शुक्रवारी ती ऑफिसच्या जिन्यात चक्कर येऊन बसली. लिफ्टला लाल पट्टीवाल्यांची गर्दी होती आणि हिला पाच मिनिटं उशीर चालत नाही, म्हणून चार मजले चढली. श्वेताने विचारलं, तर उपास आहे म्हणाली. श्वेता म्हणाली, कसला उपास यार, सकाळी तर इडली खात होतीस! डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. ही सोमवारी पुन्हा हजर.

मी म्हणतो, सोड ती नोकरी. नाहीतरी कंत्राटी म्हणजे कुणीही कधीही काढणार, मधल्या दलालाच्या भरवशावर जिवाशी कशाला खेळायचं? तर माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. तुमचं ती ऐकते. तुम्हीच तिला राजीनामा द्यायला सांगा. ही कसली नोकरी आहे ते तुम्हालाही कळावं म्हणून तिच्या नेमणुकीच्या कागदांची झेरॉक्स सोबत जोडली आहे. चौदा पानं आहेत, सगळी वाचायची तसदी घेऊ नका.

आमच्यावर माया असू द्या.

आपला,
हर्षद

*

कुडाळ,
१४ फेब्रुवारी

चि. प्रांजल हिस,
आशीर्वाद.

हर्षदने तुझे कागद मला गुपचूप पाठवले, त्याच्यावर डाफरू नकोस. वाचायची तसदी घेऊ नका, असंही त्याने लिहिलं. त्यामुळे मी सगळी वाचली. अंगणवाडीतली मुलं झोपली की काढायची, इंग्रजी अडलं की शब्दकोश. चार दुपारी लागल्या.

तो म्हणतो, कुणीही कधीही काढील. तू म्हणतेस, हलले तर काढतील. कागद दोघांनीही वाचलेला नाही. अकराव्या पानावर मी लाल पेन्सिलने खूण केली आहे, ते पान परत पाठवते. मागच्या बारा महिन्यांत ऐंशी दिवस काम केलेल्या कर्मचारी स्त्रीला कायद्याप्रमाणे सव्वीस आठवड्यांची पगारी रजा, असं स्वच्छ लिहिलंय. ऐंशी दिवस! तू तर सणावारीही गेलीस. आणि ही रजा देणार कोण? ज्याची शेवटच्या पानावर सही आहे तो. विमा कंपनीचं नाव तिथे फक्त कामाची जागा म्हणून आलंय. तू सहा वर्षं भलत्याच दाराशी घाबरून उभी आहेस.

चूक माझीही आहे. बाराखडीबरोबर तुला मी आजोबांचं गिरणीचं गेटही शिकवलं. ते गेट पडूनही किती वर्षं झाली. तू कागदावर नेमलेली बाई आहेस, गेटवर उभी केलेली नाहीस.

साकीनाक्याला जा आणि विचार. पोटावरची ओढणी काढून जा.

उत्तराची वाट बघणारी,
आत्या

*

मुलुंड (पूर्व),
२ मार्च

ती. आत्यास,
प्रांजलचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

गेले. पण दोनदा अर्ध्या वाटेतून परत आले, तेही सांगून टाकते.

साकीनाक्याला खाली लेथचे कारखाने, वर दुसऱ्या मजल्यावर त्यांचं ऑफिस. चंद्रप्रकाश नावाचे गृहस्थ आमचे कागद बघतात. पगाराच्या चिठ्ठीवर सहा वर्षं त्यांचंच नाव असतं, पण मी त्यांना पोस्टातल्या शिक्क्यासारखं काहीतरी समजत होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पोटाकडे पाहिलं आणि म्हणाले, मॅडम, सातवा ना? मग येताय कधी, मुंजीला? मला हसूही आलं आणि रडूही.

रजा आहे. तुझ्या खुणेचं पान पुढे केलं तर म्हणाले, कुठल्या वकिलाकडून आणलंत? अंगणवाडीतल्या म्हटल्यावर उठून पाणी आणायला गेले. रजा तारखेच्या आधी जास्तीत जास्त आठ आठवडे सुरू करता येते, म्हणजे वीस मार्चपासून. ३१ मार्च ही त्या दोन कंपन्यांमधली तारीख आहे, माझी नेमणूक त्यांच्याकडे चालूच राहते. अंधेरीची खुर्ची मात्र तीच मिळेल याची खात्री नाही, ते त्यांनी लपवलं नाही. मग मी शीतलचं विचारलं. शीतल पूर्ण रजा घेऊन आली आणि आता वाशीला दुसऱ्या ऑफिसात बसते. आम्ही कुणी तिला कधी फोनच केला नाही, आत्या. तिची नोकरी गेली असं दोन वर्षं एकमेकींना सांगत राहिलो.

आता दुसरं. पिशवी भरायला काढली होती. काल सोनोग्राफी झाली. वार (प्लॅसेंटा) खाली आहे. बाळ ठीक आहे, घाबरू नकोस. पण प्रवास पूर्ण बंद. मुलुंडच्या बाहेर जायचं नाही असं डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. जानेवारीतच विचारलं असतं तर चार दिवस का होईना, तुझ्याकडे येऊन गेले असते. तेव्हा चालत होतं. मी एकही दिवस नागा केला नाही. आता सव्वीस आठवडे हातात आहेत आणि तुझ्या पंख्याखाली झोपायला येता येत नाही.

पिशवी अजून दाराशीच आहे. हर्षद उचलायला गेला, तर मी नको म्हटलं.

मला मनातून काढू नकोस.

तुझी,
प्रांजल

*

कुडाळ,
१२ मार्च

चि. प्रांजल हिस,
आत्याचे आशीर्वाद.

पत्र वाचून उठले ती सरळ पर्यवेक्षिकाबाईंकडे गेले. मला रजा हवी म्हटलं. त्या म्हणाल्या, सुगंधाताई, अठरा वर्षांत तुम्ही पहिल्यांदा मागताय. मी म्हटलं, आम्ही मानधनावरच्या, आम्हाला कसली रजा? तर त्यांनी वर्षाची वीस दिवस असते म्हणून सांगितलं आणि वर विचारलं, तुम्हाला काय वाटलं होतं?

काय वाटलं होतं ते त्यांना काय सांगू? तुझ्या लग्नात मी सकाळी आले आणि संध्याकाळच्या गाडीने परत फिरले. तू पदर धरलास तो सोडवून निघाले. मुलं वाट बघतील असं म्हणाले होते. मुलांना मदतनीस बाई सांभाळतच होती. मला भीती होती जागेची.

वार खाली असली की बाळ तारखेच्या आधीच येतं, म्हणून वीस एप्रिलला निघते. बाळाने त्या वीस दिवसांत यावं, एवढं त्याला तू समजावून ठेव. माझ्या हातचं आळीव आणि डिंक दोन्ही आणते. पिशवी दाराशी आहे तिथेच राहू दे. सव्वा महिना झाला आणि डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या की हर्षदबरोबर बाळाला घेऊन निघ, ते थेट गणपती होईपर्यंत राहायला. मी दिवस मोजून ठेवलेत. तुझे निम्मे आठवडे तरी उरतात, आणि ते माझे. त्यासाठी मी कुणाकडे अर्ज करणार नाही.

तुझी,
आत्या