हयात व्यक्तीचे बंद पत्र

मी, विल्मा होल्टकँप, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार एल्कफोर्ड, नेब्रास्का, पूर्ण शुद्धीवर असताना व कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवते. गेल्या आठवड्यापासून मला अधूनमधून हसू फुटते. त्याचे कारण कलम चारमध्ये आहे. त्यावरून माझ्या शुद्धीबद्दल शंका घेऊ नये.

१. घर भाची रोवीना हिला. तळघरातले पान्हे व करवती तिच्या नवऱ्याला. माझे पती आर्नल्ड त्यांना तेल लावून ठेवत, त्यानेही ठेवावे.

२. बँकेतली शिल्लक, आमच्या गावात जन्मलेल्या माजी राष्ट्राध्यक्षांची कागदपत्रे व त्यांना आलेली पत्रे जपणाऱ्या ग्रंथालय व संग्रहालयाला, कागद टिकवणारे खोके घेण्यासाठी. तेथे मी एकोणीस वर्षे विनावेतन पाहुण्यांना माहिती सांगितली.

३. नणंद मर्ना हिने तेथील राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीच्या प्रतिकृतीत दोरी ओलांडून खुर्चीत बसून फोटो काढला. खुर्ची नकली असली तरी नियम खरा होता. तरीही चांदीचे चमचे तिलाच द्यावेत.

४. आर्नल्ड गेल्या हिवाळ्यात वारले. घरात ते मोजकेच बोलत, पण हे राष्ट्राध्यक्ष पदावर असताना दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांना पत्र लिहीत. ती सगळी ग्रंथालयाने जपली आहेत. मी वाचायला मागितली. साठ मिळाली, साठही उन्हाळ्या-हिवाळ्यात देशभराची घड्याळे तासभर पुढेमागे करण्याच्या कायद्याविरुद्ध. एकसष्टाव्याच्या जागी गुलाबी चिठ्ठी होती.

"हे बंद आहे," तिथला दप्तरपाल डेनिस म्हणाला. "एका हयात व्यक्तीच्या खासगी गोष्टी आहेत त्यात."

"कोण ही बाई?"

"ते सांगितलं तर खासगी काय राहिलं? आणि बाई आहे असं मी म्हटलंच नाही."

"मग उघडणार कधी?"

"तुम्ही गेल्यावर," तो बोलून गेला आणि कानापर्यंत लाल झाला.

मी इतकी हसले की रखवालदार धावत आला. संमती लिहून दिली तर आजच वाचता येईल, असे डेनिस म्हणाला. मी नको म्हटले. जे मला सांगायचा धीर झाला नाही ते आर्नल्डनी देशाच्या प्रमुखाला सांगितले. माझ्यादेखत उघडले तर ते संकोचतील.

मर्ना म्हणते, "तुझ्या घोरण्याची तक्रार असणार, वहिनी! लाव पैज!"

५. म्हणून माझ्या अंत्यविधीत ते पत्र मर्नानेच मोठ्याने वाचावे, जेवण वाढण्यापूर्वी. तक्रार असल्यास एकही शब्द गाळू नये. तक्रार नसल्यास सावकाश वाचावे.

सही वाचनकक्षाच्या दाराबाहेर केली. आत जुन्या कागदांवर डाग पडू नयेत म्हणून शाईला बंदी आहे.

विल्मा होल्टकँप
एल्कफोर्ड, ९ एप्रिल

साक्षीदार: क्लाइड बेंटली, रखवालदार
ओपल स्ट्रँड, संग्रहालयाचे दुकान