उजव्या सोंडेचं मुखपृष्ठ

माघ शुद्ध ५, शके १७८६. अमरावती.
आज शाळेची मास्तरकी सोडली. हेडमास्तरांनी थांबवलं नाही. धक्का बसला असणार, शब्द फुटला नसेल. अकोल्याचे छापखानेवाले शालिकराम पाडव्याला नवं मासिक काढताहेत. कव्हरावरचा गणपती मी काढायचा. पसंत पडला तर दर महिन्याचं कव्हर माझं. यातला ‘तर’ त्यांचा.
अनसूया म्हणाली, आधी चित्र पसंत पडू द्या, एवढी घाई काहून? बायकोला कलेतलं काय कळतं! जावई मास्तर आहे असं अकोल्यात तिच्या वडिलांना सांगता येणार नाही, एवढंच तिचं दुःख.

माघ शुद्ध ९.
मासिकामागे वलगावचे खुशालराव. कापसाला भाव आल्यापासून यांच्या बैलांच्या शिंगांना चांदी आणि स्वतःच्या अंगात मखमली कोट, तोही भर दुपारी. स्वतःला अक्षर येत नाही आणि मासिक काढतात. मला विचारलं, मास्तर, गणपतीच्या बाजूले आमची कापसाची गंजी निघन का? मी सांगितलं, कलेत कापसाच्या ढिगाला जागा नसते. म्हणाले, मंग लहान काढा.
गंजी काढणार नाही. ठाम.

माघ वद्य १.
गंजी काढायचं ठरवलं. लहान. ढग म्हणून खपून जाईल.

माघ वद्य ६. अकोला. मुक्काम सासुरवाडी.
शालिकरामांनी छापखाना दाखवला. एक जाड दगड, शाई, रूळ. यालाच प्रेस म्हणतात आणि छाती फुगवतात. मला खास शाई आणि चिकट कागद दिला. पुन्हा पुन्हा बजावलं, मास्तर, कागदावर सरळच काढजा. पुढे काही समजावत होते, मी हात वर करून थांबवलं. दगडावरचं कागदावर उलटं उमटतं, हे शेंबडं पोरही जाणतं. मालक असून हा विसरला! सरळ काढला तर डाव्या सोंडेचा गणपती उजव्या सोंडेचा होऊन बसेल. उजव्या सोंडेचा म्हणजे कडक देव, सोवळ्याशिवाय शिवायची सोय नाही. वऱ्हाडभर हाहाकार.
गुपचूप उलटा काढून देईन. त्याची अब्रू वाचेल आणि त्याला कळणारही नाही. मनाचा मोठेपणा म्हणतात तो हाच.

फाल्गुन शुद्ध ३. अमरावती.
आरशात बघून उलटा गणपती चालू आहे. अनसूया डोकावली. म्हणाली, अहो, सोंड उजवीकडे गेली. मी नुसता हसलो. म्हणाली, शालिकरामजींना एकदा विचारून तरी घ्या. आर्टिस्ट विचारत नसतो.

फाल्गुन वद्य १२. अकोला.
थोडा उशीर झाला, पण चांगल्या कामाला होतोच. शालिकराम कागद आणायला मुंबईला गेलेत. छापणाऱ्यानं चित्र पाहून तोंड उघडलं. मी सांगितलं, मालकांना माहीत आहे, चालव. त्यानं रूळ उचलला. माणसं हाताळण्याचीही एक कला असते.

चैत्र शुद्ध १, शके १७८७.
अंक हातात पडला. सोंड उजवीकडे. पुन्हा पाहिलं. उजवीकडेच.
शालिकराम परत आलेत. म्हणाले, अहो, कागद दगडावर दाबला का चित्र उलटं होते, दगडावरून छापलं का परत सरळ. म्हून तर सरळ काढा म्हटलं होतं. मी म्हटलं, मग हे आधी नीट समजावून नको होतं सांगायला?

चैत्र शुद्ध ४.
अंक घरोघर गेले. उघडला कोणीच नाही. खुशालरावांनी आंघोळ करून, रेशमी धोतर नेसून देव्हाऱ्यात ठेवला. बाकीचे परत करून राहिलेत, घरात कडक देव नको म्हणतात. खुशालरावांनी विचारलं, मास्तर, मासिक वाचाले काढलं का पूजेले? आता त्यांच्या घरी रोज नैवेद्य. पुढच्या अंकातून त्यांनी अंग काढून घेतलं. अडाणी माणूस. गंजी मात्र ओळखली.

चैत्र शुद्ध ६.
अमरावतीला माझ्या शाळेत नवा मास्तर आला म्हणे. हेडमास्तर त्याच्यावर खूश आहेत. ते कोणावरही होतात.
शालिकराम म्हणाले, देवाचं चित्र फाडता येत नाही, रद्दीत देता येत नाही. काढलं तुमी, विसर्जनही तुमीच करा. पुढच्या कव्हराचं विचारलं, तर दुसरीकडे बघत बसले.

चैत्र शुद्ध ८.
छकडा भरून मोर्णेवर गेलो. पाडव्याला माहेरी आलेली अनसूया सोबत. नदीत पाणी घोट्याएवढं. गणपती बुडेनात. दाबले की वर येत. खाली बसून दोन्ही हातांनी धरले. काठावरच्या म्हशी बघत होत्या.
चित्र चांगलं होतं. डोळे तर फारच साधले होते. वाईट वाटलं.
शेवटचा अंक हातात राहिला. अनसूया म्हणाली, तुमचं पहिलंच चित्र, एक ठेवून घ्यायचं का? मी घाईनं हो म्हटलं. तिनं विचारलं, रोज सोवळ्यानं पूजा कोण करणार? मी म्हटलं, मी करीन. रोज.
तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग अंक माझ्या हातातून घेतला आणि पाण्यात सोडला.