गाभाऱ्यापासून चपलांपर्यंत

ऋतुराज, चहा घे, ही चिठ्ठी घेऊन बस, एक छोटं आख्यान सांगते.

मागच्या एकादशीला मी कीर्तनात बुवांच्या माईकसमोर स्टील गिटार धरली आणि लांबवलेला प्रत्येक सूर फाटला. लोक हसले. घरी तू म्हणालास, "आई, आता हेडफोन लावून घरातच वाजव." अरे, हेडफोन लावून कधी कीर्तन झालंय का?

म्हणून ठाण्याला अ‍ॅम्प्लिफायर घ्यायला गेलेय. दुकानदार पोरं घेतात तसा गुरगुरणारा दाखवेल. मला स्वच्छ आवाजाचा हवा, गाभाऱ्यापासून देवळाच्या दारातल्या चपलांपर्यंत ऐकू जाणारा. गिटार सोबत नेलीय. तिथेच मांडीवर घेऊन अभंग वाजवेन. ज्याच्यात सूर विरेपर्यंत फाटणार नाही, तोच आणेन. सूनबाईला, रसिकाला सांग, हॉलमधला कोपरा रिकामा करून ठेव.

तुमचं जेवण झाकून ठेवलंय. मला आज एकादशीचा उपास आहे.

संध्याकाळी मानपाड्याच्या देवळात मी वाजवणार. बुवा हो म्हणालेत. तू नाही म्हणालास तरी वाजवणार. तू ये मात्र. तारांवर फिरवते तो पोलादी दांडा तुझ्या बाबांनी कारखान्यात स्वतः लेथवर घडवलाय. शेवटी बुवा हात जोडायला सांगतील, तेव्हा बाबांची आठवण काढ.

आई