अकरा भट्ट्या, एक डोळा

३ मार्च

आणलं! तिन्ही खाती आणली एका टेबलावर! टेबल कसलं — आमच्या कारखान्यातली साचे ठेवायची फळी. पण सह्या तिच्यावरच झाल्या.

वर्षभर नुसता सावळागोंधळ. उद्योग खात्याने गल्लीतल्या अकरा भट्ट्यांसाठी उष्णता मोजायची अकरा मीटर पाठवली, तेव्हा वीज खात्याची लाइन नव्हती. लाइन आली, तोवर प्रशिक्षण खात्याचे मास्तर शिकवून निघूनही गेले होते — रिकाम्या भिंतीकडे बोट दाखवून! मीटर खोक्यात, आणि आमचे पितळी व्हॉल्व्ह छिद्रं पडून परत येतायत. आज गल्लीच्या संघाची चिटणीस म्हणून सरळ सांगितलं — तिघांचं काम एकाच कागदावर, आणि तिघांच्या सह्या झाल्याशिवाय कोणाचाच अहवाल वर जाणार नाही. उद्योग खात्याच्या मॅडम म्हणाल्या, "हे आम्हाला कसं नाही सुचलं?" मनात म्हटलं, तुम्ही तिघं एकमेकांच्या मजल्यावर कधी जाता का?

अट एकच. महिनाअखेर अकराही भट्ट्यांवर मीटर चालू हवीत, नाहीतर ती दुसऱ्या गावाला जातील. आणि आप्पा — म्हणजे माझे वडील — हो म्हटल्याशिवाय बाकीचे दहा जण मान हलवणार नाहीत.

५ मार्च

आप्पा नाही म्हणाले.

६ मार्च

पुन्हा नाही. "पन्नास वर्षं रंग बघून ओततोय. आता डबा शिकवणार मला?"

वडील असले म्हणून काय झालं, हट्टालाही काही माप असतं! पण खरं लिहायचं तर धातूचा रंग ओळखावा तो आप्पांनीच. शेजारचे मुद्दाम बोलवायला यायचे. आप्पा भट्टीत वाकून बघणार, "उचला" म्हणणार. ते वाकले की धातू साच्यात पडेपर्यंत कोणी चकार शब्द काढायचा नाही, हा गल्लीचा रिवाजच.

गेली दोन वर्षं आमचाच माल सगळ्यांत जास्त परत येतोय. आप्पा म्हणतात, वितळवायला घेतलेल्या जुन्या पितळेच्या मोडीत भेसळ आहे. मीही मोडवाल्याला चांगलं फैलावर घेतलं.

८ मार्च

युक्ती लढवली! म्हटलं, "आप्पा, मीटर तुम्हाला नाही शिकवणार, तुम्ही मीटरला शिकवायचं. तुमचा डोळा त्यात उतरवायचा."

आप्पांनी खोक्यातलं मीटर काढून उलटसुलट करून पाहिलं. मग म्हणाले, "लाव."

जिंकले!

१६ मार्च

आठ दिवस आप्पांनी "उचला" म्हटलं की मीटरने आकडा टिपला. दरवेळी अकराशे तीस अंशांच्या आसपास! केवढा पक्का अंदाज! नव्या कागदामुळे परत आलेले मास्तर कुरकुरले — "ताई, पितळेला हे जास्त होतंय. एक हजार पन्नास पुरे."

"तुमच्या पुस्तकाने कधी पितळ ओतलंय का?" मी विचारलं. 

अकराही मीटरची घंटा आप्पांच्या आकड्यावर लावली. घंटा वाजली की वितळलेल्या धातूची मूस भट्टीतून उचलायची, विषय संपला. आप्पा काहीच बोलले नाहीत. भरून आलं असेल त्यांना.

२० मार्च

तिन्ही खाती पाहून गेली. मॅडम म्हणाल्या, बाकीच्या गल्ल्यांनाही हाच कागद लावू. मी तर हवेत!

२५ मार्च

अकराही भट्ट्यांच्या मालाला छिद्रं. ज्यांचा माल कधी परत आला नाही, त्यांच्यासुद्धा! मोड प्रत्येकाची वेगळी. सगळ्यांत सारखं काय, तर मी लावलेला आकडा.

आज घंटा बंद ठेवली आणि आप्पांच्या शेजारी मीही वाकले. धातू पिवळाधमक, वर जस्ताचा पांढरा धूर सुटलेला. रिवाज मोडून विचारलं, "आता?"

"अजून नारिंगीच आहे," आप्पा म्हणाले. "थांब."

 म्हणजे आप्पांना पिवळा दिसेपर्यंत धातू जास्त तापून छिद्रं पडत होती, मोडवाला बिचारा उगाच बोलणी खाऊन गेला. आणि आमच्या घरातली चूक मी अकरा घरांत वाटली!

मास्तरांना फोन करून माफी मागितली. उद्या सगळी मीटर एक हजार पन्नासवर. मॅडमना सांगितलं, कागदावर चौथी सही हवी — आरोग्य खात्याची. भट्टीपुढे उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाचे डोळे तपासायचे. मॅडम म्हणाल्या, "पाठवते." रडत बसायला वेळ नाही.

२९ मार्च

तीनशे व्हॉल्व्ह तपासले, छिद्रं फक्त दोनांत! अकराही मीटर चालू. आता ती कुठेही जात नाहीत.

३० मार्च

आप्पांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, काढला की स्वच्छ दिसेल. परत येताना आप्पा म्हणाले, "मला दोन वर्षं कळत होतं गं. तुम्हा कोणापुढे बोलायला जीभ रेटेना. म्हटलं, तो डबा तरी सांगेल, म्हणून हो म्हणालो. तर तू त्यालाच माझं ऐकायला लावलंस."